मामाची बहात्तर मिनिटांची वरची फेरी

सकाळी आठलाच रांग तिसऱ्या मजल्यावरच्या मामाच्या दारापासून खाली फाटकापर्यंत गेली होती. बातमी अशी, की नळदुरुस्ती करणारा माझा मामा बहात्तर मिनिटं मरून परत आलाय आणि आता तो ज्याच्या छातीवर हात ठेवतो त्याचं दुखणं पळतं. पुरावा छापील होता. त्याच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं: हृदय बंद, बहात्तर मिनिटं. मामीने तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावला होता.

मामा दर पाच मिनिटांनी तेच सांगत होता. आधी डोक्यावर पांढराशुभ्र उजेड, मग गाढ शांतता, मग लांबून एका बाईचा मायाळू आवाज, की उठा, डोळे उघडा. ऐकणारे डोळे पुसत. उजेड ऑपरेशनच्या दिव्याचा आणि आवाज नर्सचा असेल, असं मी म्हटलं, तर मामीने मला चहा टाकायला पिटाळलं.

इथवर गंमत होती. पण रांगेत शिंपीणकाकू दिसल्या. त्यांच्या हृदयाची झडप अरुंद झालेली. दर पाच पायऱ्यांना धाप लागत होती. गुरुवारी त्यांचं ऑपरेशन होतं.

"रद्द केलं मी ते," त्या म्हणाल्या. "इथे नुसत्या हाताने गुण येतोय, मग छाती कशाला फाडून घेऊ?"

मी तडक इस्पितळ गाठलं. मामाच्या ऑपरेशनला हृदय-फुफ्फुसाचं यंत्र चालवणारी तंत्रज्ञ ताई ड्यूटी संपवून माझ्याबरोबर आली.

"मला ओळखणार नाही तुम्ही, झोपला होतात," ती मामाला म्हणाली. "बहात्तर मिनिटं तुमचं हृदय मीच होते. पाय मोकळे करायचीसुद्धा सोय नव्हती."

अख्खी रांग खोलीत घुसली. ताईने समजावलं, की धडधडत्या हृदयावर बारीक टाके घालणं अवघड, म्हणून डॉक्टरांनी ते औषधाने मुद्दाम थांबवलं. तोवर अंगातलं रक्त नळीने यंत्रात येत होतं, तिथे त्याला ऑक्सिजन मिळत होता आणि पंप ते परत अंगात ढकलत होता. मेंदूला रक्त मिळतच होतं. मेलं कुणीच नव्हतं.

मामाच्या चेहऱ्यावरचं तेज मावळलं आणि कपाळावर कामाची आठी आली.

"म्हणजे मेन लाइन बंद करून तात्पुरती लाइन टाकली? मग पाइपातली हवा कशी काढली?"

"बुडबुडा राहिला तर माणूस दगावेल. म्हणून आधी नळ्या द्रवाने भरून, ठोकून ठोकून सगळी हवा काढतो."

दहा मिनिटं ते दोघं दाब आणि जोडण्यांवर असे रंगले, की छातीवर हात ठेवून घ्यायचं कुणाला आठवलंच नाही. शेवटी मामा काकूंकडे वळला.

"वहिनी, माझ्या हाताला पान्याचीच सवय. झडपेसाठी तिकडेच जा."

काकूंनी तिथूनच फोन लावला. गुरुवारची वेळ अजून रिकामी होती. मग त्यांनी ताईला धरलं. दोरा कसला वापरता, गाठ सुटत नाही ना, टाका दुहेरी घालता का? ताईने एकेक उत्तर दिलं.

असंच विचारा. ज्याचं काम खरं असतं, त्याला तुमचे प्रश्न आवडतात. जो प्रश्नांवर चिडतो, त्याच्या हाती आपली छाती देऊ नका.