वरचा मजला

गवंड्याने छिन्नी लावून घाव घातला आणि वरच्या मजल्यावरच्या पूर्वेकडच्या भिंतीतली एक वीट निखळून पडली. ठेकेदार दाराच्या चौकटीला टेकून बघत होता. ही खिडकी आधी उत्तरेला होती. ती बुजवून इथे आणली. आता ती इथेच राहायची होती, पण हातभर खाली, कारण घरमालकीण बाईंच्या नातवाला खुर्चीत बसल्या बसल्या बाहेरचं झाड दिसायला हवं होतं.

"अजून प्लास्टर धड वाळलं नव्हतं," गवंडी मान न वळवता म्हणाला. "लेकरू उंच झालं की पुन्हा वर घ्यायची का?"

"फोड बाबा. बोलू नकोस."

बाई खाली, अर्धवट झालेल्या बैठकीच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आजूबाजूचे सगळे त्यांना बाईच म्हणत. समोरच्याच इमारतीत भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि सकाळी डबा-पाणी घेऊन इथे यायच्या, शाळेत यावं तशा. खालचा मजला त्यांच्यासाठी, वरचा मुलासाठी. मुलगा, सून आणि नातू दूरच्या देशात होते. बाईंचं प्रत्येक वाक्य 'ते आले की' असं सुरू व्हायचं. ते आले की मुलाला टेबल लागेल, ते आले की सुनेला उजेड लागेल. मुलाशी फोनवर बोलणं झालं की एखादी भिंत तरी हलायचीच.

घर पाहावं बांधून, असं ज्याने कुणी म्हटलं त्याने जन्मात एकच बांधलं असणार, असं ठेकेदाराला अलीकडे वाटू लागलं होतं. त्याने लोकांची घरं बांधण्यात उमर घालवली होती. विटा-सिमेंटने त्याला कधी दमवलं नाही. नवरा एक सांगे, बायको मागून हळूच दुसरं सांगे, सासू तिसरंच धरून बसे. आणि शेवटी सगळे मिळून त्याच्याकडे बघत.

दुपारी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, धंद्यातला भागीदार. माल आणणं, परवानग्या काढणं त्याच्याकडे असे. वर येऊन त्याने पडलेल्या विटांकडे पाहिलं आणि हसला.

"दाजी, खिडकी हिंडतेय वाटतं अजून."

"पाय फुटलेत तिला."

"म्हणून म्हणतो, तो प्लॉट घेऊ. चार घरं, चारही सारखी. नकाशा आपला, खिडकी आपली. एकदा बसली की बसली. कुणाला विचारायचं नाही."

"आणि घेणार कोण?"

"येईल कुणीतरी."

"बाजारात तुरी."

मेहुण्याचं हसू गेलं. तो जवळ आला आणि खालच्या आवाजात बोलू लागला. "या एका घरात आपला जेवढा जीव गेला ना, तेवढ्यात ती चार उभी राहिली असती. प्लॉटवाला पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबतोय. तुम्ही नाही म्हणालात तर मला दुसरा भागीदार बघावा लागेल. ताईला अजून काही बोललो नाही मी."

पण बहिणीपासून त्याचं काहीच लपत नसे. संध्याकाळी ठेकेदार गरम पाण्यात पाय सोडून बसला, तेव्हा बायकोनेच विषय काढला.

"ऐका की त्याचं एकदा. गुडघे बघा तुमचे. कुणाकुणाच्या मनासाठी जिने चढणार अजून?"

"अगं, पण कुणासाठी बांधतोय तेच माहीत नसेल, तर ओटा किती उंच करू? कुणाच्या हाताला येईल असा?"

"माझ्या हाताला येईल असा करा. जगात माझ्याएवढ्या बायका काय कमी आहेत?"

तो हसला, पण पाणी गार होईपर्यंत तसाच बसून राहिला.

दोन-तीन दिवसांनी बाईंचा मुलगा आला. कसल्याशा कामासाठी देशात आला होता, दोन दिवस आईकडे काढणार होता. बाई चहा आणायला समोर गेल्या आणि तो एकटाच वर आला. सभ्य, हळू बोलणारा माणूस. त्याने खाली घेतलेल्या खिडकीच्या कट्ट्यावरून हात फिरवला. हाताला लागलेली पांढरी भुकटी बघत म्हणाला,

"काका, काम छान झालंय."

"बाईंनी लक्ष घातलं म्हणून."

"आम्ही येणार नाही आहोत, काका." तो भुकटी झटकत राहिला. "तिकडे घर घेतलं आम्ही. मुलाची शाळा, हिची नोकरी... आता नाही जमणार. आईला सांगू नका. बाबा गेल्यावर ती अंथरुणातून उठत नव्हती. या घराने तिला उठवलंय."

ठेकेदाराने खोलीवरून नजर फिरवली. "मग हे टेबल, ह्या खिडक्या?"

"ती म्हणेल तसं करत राहा."

खाली कपबशांचा आवाज झाला. मुलगा पटकन वळला आणि जिना उतरताना मोठ्याने म्हणाला, "आई, खिडकी मस्त झालीय गं!"

तो परत गेल्यावर बाईंनी वरच्या खोलीतलं कपाट डावीकडून उजवीकडे घ्यायला सांगितलं. ठेकेदाराने ते मुकाट्याने घेतलं. गवंडी नेहमीसारखा कुरकुरायला लागला, तर त्याच्यावर तो असा खेकसला की दोघेही दचकले. पूर्वी बदल सांगितला की चिडता यायचं, कपाळाला हात लावता यायचा. आता तीही सोय राहिली नव्हती. कुणी झोपणार नाही अशा खोलीत तो माप घेऊन पलंगाची जागा आखायचा आणि खाली येऊन बाईंना सांगायचा, झालं. या 'झालं'चाच त्याला थकवा येऊ लागला.

गुरुवारी त्याने मेहुण्याला फोन केला.

"घे तो प्लॉट."

"नक्की ना, दाजी?"

"नक्की. निदान तिथे रिकाम्या घराला रिकामं म्हणता येईल."

मेहुण्याला ते कळलं नाही, पण त्याने विचारलंही नाही.

शुक्रवारी सकाळी ठेकेदार बाईंच्या समोर उलट्या घमेल्यावर बसला. कुणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

"बाई, यापुढे लोकांच्या सांगण्यावरून घरं बांधणार नाही म्हणतो. तुमचं शेवटचं. मग आम्ही आपली बांधून विकणार."

"कुणाला?"

"ते अजून माहीत नाही. येईल कुणीतरी."

बाईंनी डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

"मग मला एक सांगा. वर जायला बाहेरून जिना काढता येईल?"

"आतला आहे की चांगला."

"चांगलाच आहे. पण वरची माणसं माझ्या खोलीतून ये-जा करणार. त्यांना अवघड वाटेल."

"पोटच्या लेकाला कसलं अवघड, बाई?" त्याने हे म्हटलं, पण त्यांच्याकडे न बघता.

"लेकाबद्दल नाही म्हणत मी."

ठेकेदाराने मान वर केली. बाई शांतपणे त्याच्याकडे बघत होत्या, उत्तर चुकलेल्या पण हुशार विद्यार्थ्याकडे बघावं तशा.

"तो येणार नाही, हे मी केव्हाच ओळखलंय. तुम्हाला सांगितलं ना त्याने? तुम्ही भांडायचं सोडलंत त्या दिवशीच कळलं मला. त्याला मात्र बोलू नका. आईला काही कळलं नाही असं वाटतं त्याला. किती सांभाळून बोलतो बिचारा."

"मग ती खिडकी... एवढी फोडाफोड..."

"उगीच फोन केला तर म्हणतो, आई, कामात आहे, नंतर करतो." बाईंनी पदराने खुर्चीच्या हातावरची धूळ पुसली. "खिडकीचं विचारलं की थांबतो. कुठे, किती, कशी, सगळं विचारतो. तुम्हाला त्रास झाला, कळत होतं मला."

बाहेर काँक्रीटचा मिक्सर घरघरत सुरू झाला. ठेकेदाराला राग यायला हवा होता. त्याने तो शोधूनही पाहिला. मग तो घमेल्यावरून उठला, गुडघ्याला हात लावून उभा राहिला.

"वर कोण राहायला यावं असं वाटतं तुम्हाला?"

हा प्रश्न बाईंना अपेक्षित नसावा. त्यांनी छताकडे पाहिलं.

"आवाज करणारं कुणीतरी."

"मग पायऱ्या बुटक्या ठेवतो. लहान मूल असलं तर चढायला बऱ्या."

"ठेवा." बाईंनी पिशवीत हात घालून फोन काढला आणि चष्मा नाकावर चढवला. "पण जिना डावीकडून घ्यायचा की उजवीकडून, ते त्याला विचारून सांगते."

त्यांनी फोन कानाला लावला, दुसऱ्या कानावर तळहात घट्ट धरला. ठेकेदार लगबगीने बाहेर गेला आणि त्याने मिक्सर बंद केला.