सरकलेला ताप

आमच्या घरात बोलणी खायचं खातं माझ्याकडे आहे. दूध उतू गेलं तरी मी, पाहुणे आले तरी मी, पाहुणे गेले तरी मीच. लहानपणी दादा आणि मी मिळून खायचो. तीन वर्षांपूर्वी दादा गेला आणि त्याचंही ताट माझ्यापुढे सरकलं. मला सगळे भोंगा म्हणतात, कारण मी गप्प बसून खात नाही, उलटं ओरडते.

आम्ही तिघी राहतो. आई, मी आणि दादाची बायको, म्हणजे माझी वहिनी. पुढच्या खोलीत माझं फ्रिज दुरुस्तीचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. वहिनी एका संशोधन संस्थेत ग्रह बघते. आपले नव्हेत, परक्या ताऱ्यांचे. बघते हेही खोटंच, कारण तो ग्रह तिलासुद्धा दिसत नाही. ताऱ्याच्या उजेडात केसाएवढा चढउतार होतो, त्यावरून ती सगळं ताडते. तिचा ग्रह आपल्या गुरूसारखा वायूचा अगडबंब गोळा. पण सूर्यासारख्या एका ताऱ्याला इतका बिलगलेला, की त्याचं वर्ष चार दिवसांत संपतं. असल्यांना तप्त गुरू म्हणतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई म्हणाली होती, "तप्त गुरू? तो आम्हाला गणिताला होता की! डस्टर फेकून मारायचा."

दादा गेल्यावर नातेवाइकांना एकच प्रश्न पडला. "ही अजून इथेच?" जणू वहिनी म्हणजे दादाबरोबर आलेलं सामान, परत पाठवायचं राहून गेलेलं. एका मावशीला मी दारातच सांगितलं, "हो, इथेच आहे. निघायचंय तुम्हाला." त्याचीही बोलणी मीच खाल्ली.

तर झालं असं, की वहिनीला दूरच्या एका देशातल्या वेधशाळेत चार वर्षांची जागा मिळाली. काम तिच्या लाडक्या ग्रहाचंच. हो की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. जेवताना वहिनी म्हणाली, "मी नाही म्हणून कळवणार आहे. आईंचे गुडघे असे, भोंगा दिवसभर दुकानात. मी गेले तर कसं चालेल?"

आईने भांडं आदळलं. वहिनीला मात्र ती कधीच काही बोलत नाही. "बाळ, अजून घे," "बाळ, दमलीस का," असं, पाहुणीशी बोलावं तसं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझी आरती सुरू झाली.

"काय घराला चिकटून बसलीयस? पाय फुटले नाहीत का तुला?"

"आई, मी दुकानात चाललेय. ते बघ, इथेच आहे."

"मग हो चालती! माझ्या उशाशी बसून कुणाचं भलं झालंय? माझे गुडघे मी बघीन. कुणाचे उपकार नकोत मला!"

मला काही कळेना. मी तिच्या गुडघ्यांवर कधी उपकार केले? तेलाची बाटलीसुद्धा वहिनीच आणते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी उलटं ओरडायची, आई आणखी चढायची. मागच्या खोलीत वहिनी गुपचूप पर्स उचलायची आणि कामावर जायची.

गुरुवारी दुपारी ती लवकर परतली. मी एका फ्रिजची पाठ खोलून बसले होते. ती शेजारच्या खोक्यावर टेकली.

"भोंगा, मी हो कळवतेय."

"शाब्बास! आता कसं शहाण्यासारखं बोललीस."

"सगळं सामान नेते. परत इथे नाही यायची." ती नखाने खोक्यावरची चिकटपट्टी सोलत होती. "आईंना मी नकोय. त्यांचं तरी काय चुकलं? ज्याच्यामुळे मी या घरात होते तोच नाही आता."

"तुला कोण म्हणालं नकोयस म्हणून?"

"रोज ऐकतेय ना. तुझं नाव घेऊन बोलतात, एवढंच."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई लोकर आणि सुया घेऊन बाहेर आली. दुपारी ती दुकानातच खिडकीपाशी विणत बसते. आठवडाभर काहीतरी तपकिरी विणणं चाललं होतं, कुणासाठी ते सांगत नव्हती.

"बाळ," आई साखरेच्या आवाजात म्हणाली, "त्या तुझ्या मास्तरांचं तिकडे नेमकं काय बघायचं असतं गं?"

वहिनीने डोळे पुसले. कामाचं विचारलं की ती कशीही असो, सांगतेच. माझा हातदिवा तिने खोक्यावर ठेवला, आईच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा उचलला आणि दिव्यासमोर धरला.

"हा तारा, हा ग्रह. याचं एकच तोंड कायम ताऱ्याकडे. त्या बाजूला कायम दिवस, पाठीला कायम रात्र."

"तोंड कधी फिरवत नाही? तुझ्या सासऱ्यांपेक्षा बरा म्हणायचा."

वहिनीला हसू आलं, पण ते तिने दाबलं. "मग सगळ्यात जास्त कुठे तापायला हवा?"

"हे काय विचारणं? दिव्याच्या बरोबर समोर."

"आम्हालाही तसंच वाटायचं. पण तिथे वारे भयंकर. ताप पडतो समोर, आणि वारा तो ढकलत नेतो." तिने बोट गुंड्याच्या पोटावरून कडेला सरकवलं. "सगळ्यात जास्त भाजते ती ही जागा. बाजूची."

मी फिस्सकन हसले. "म्हणजे लेकी बोले सुने लागे!"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. आणि हसता हसता मला आठवडाभराची बोलणी आठवली. पाय फुटले नाहीत का. माझे गुडघे मी बघीन. कुणाचे उपकार नकोत.

"आई," मी पाना खाली ठेवला. "ही चाललीय. कायमची. तू हाकललंस म्हणून."

आईच्या सुया थांबल्या. "मी? मी हिला एक शब्द तरी बोललेय का?"

"हिला नाही, मला! आठवडाभर मी भाजून निघतेय आणि त्यातलं माझं काहीच नाही. आता तोंड इकडे कर आणि जिचं तिला बोल."

मायेची माणसं सरळ बोलतील तर शपथ. आईने वहिनीकडे बघितलं. तोंडातून आधी "बाळ" निघालं. ते तिने गिळलं.

"गाढव," आई म्हणाली. "एवढी शिकलीस आणि गाढवच राहिलीस! सोन्यासारखी जागा चालून आली, आणि माझ्या गुडघ्यांची कारणं सांगतेस? गुडघ्यांनी सांगितलं होतं तुला, नको जाऊ म्हणून? मी आठवडाभर हे विणतेय ते काय भोंग्याला? तिला उकडतं! त्या वेधशाळेत डोंगरावर थंडी असते म्हणे. जायचं म्हणजे जायचं. आणि सगळं सामान नेलंस तर तंगडं मोडीन. कपाटाचा खालचा खण तुझा आहे, तो तुझाच राहील. परत आल्यावर कपडे कुठे ठेवणार आहेस, माझ्या डोक्यावर?"

वहिनी गुंडा हातात धरून उभी. धागा तिच्यापासून आईच्या मांडीपर्यंत ताणलेला. ती रडत होती, पण तोंड हसरं.

"इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी रागावला नाहीत."

"दुसऱ्याच्या लेकीला कसं रागवायचं?"

"आणि आता?"

"आता काय," आईने सुया उचलल्या. "सुटलं तोंड. इकडे आण तो मास्तर, धागा तुटेल."

वहिनी गेली. तपकिरी स्वेटर घालून गेली, बाही एक आखूड होती तरी. खालचा खण तसाच आहे.

दर रविवारी फोन येतो. आई स्क्रीनला नाक लावते आणि सरळ सुरू करते. "जेवतेस का नीट? केसांचा काय झाडू केलायस? आणि ते तेलकट फडकं कधीपासून दारात पडलंय, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येतं, लाज कशी वाटत नाही?"

वहिनीच्या खोलीत तेलकट फडकं कुठून येणार? ती तिकडे खदखदून हसते. मी इकडे उठते आणि फडकं उचलते.