लाल दोऱ्याचं टोक

मी एक जुना, भोकाभोकांचा फलक आहे, मित्रांनो. वाल्येवो गावच्या बिस्किटांच्या कारखान्यात, विक्री विभागाच्या भिंतीवर मी सोळा वर्षं काढली. आता गोदामात तिरका टेकून उभा आहे.

सुताराने मला घडवलं, पण बोलायला शिकवलं देसांकाबाईंनी. दर शुक्रवारी त्या माझ्यावर टाचण्या टोचत. लाल दोरा विकलेल्या खोक्यांचा, निळा जाहिरातींचा. वर्षावर्षाचे दोरे एकाखाली एक. दोन वर्षांतच त्यांच्या लक्षात आलं, की मे महिन्यात निळा उंच जातो आणि लाल जागचा हलत नाही. लाल उसळतो तो डिसेंबरात, संत निकोलासच्या दिवसाआधी. त्या दिवशी कितीतरी घरांची स्लावा असते, म्हणजे कुळाच्या संताचा सण. तो येतो नेमका नाताळाआधीच्या उपासात, आणि या उपासाला दूधही चालत नाही, त्यामुळे केकही बिनदुधाचे, आमच्याच बिस्किटांच्या चुऱ्याचे. बाईंनी मेमधल्या जाहिराती नोव्हेंबरात नेल्या आणि खप दीडपट झाला. पाहुणे मला बघायला येऊ लागले. मी फुशारून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग वुकाशिन हा नवा विक्रीप्रमुख आला आणि त्याच्याबरोबर संगणकाचा भलामोठा पडदा. जुलैत त्याने बिस्किटांत दूध घालून पाहिलं. पडद्यावरची खपाची रेघ चढली. लगेच सगळंच उत्पादन दुधाचं करायचं ठरलं.

"अरे, आणि निकोलासच्या दिवसाचं काय?" देसांकाबाई म्हणाल्या. "उपासाला दुधाचं कोण घेणार? तुझी आजी तरी घेईल का?"

"देसामावशी, वर्षाची सरासरी बघा ना. एका सणाचं काय घेऊन बसलात!"

"सरासरी स्लावा करत नाही रे बाबा, माणसं करतात."

"बरं बरं. ते दोरे आता स्वेटर विणायला घरी न्या."

सगळे हसले. मला फार लागलं. त्याच आठवड्यात मला उतरवलं आणि महिनाभरात बाईंनाही निवृत्ती घ्यायला लावली. जाताना त्या गोदामात आल्या, एक सैल टाचणी अंगठ्याने दाबून बसवली आणि गेल्या.

डिसेंबरात दुकानांतून खोकी परत येऊ लागली. ती माझ्याच भोवती रचली गेली. पॅकिंगच्या अकरा बायकांचं काम गेलं.

सणाच्या दिवशी वुकाशिन गोदामात आला. त्याने बाहीने माझ्यावरची धूळ पुसली. सोळा वर्षांचे सोळा डिसेंबर, लाल दोऱ्याची सोळा उंच टोकं. तो बराच वेळ बघत राहिला.

"मावशींना परत बोलवायला हवं," तो गोदाम सांभाळणाऱ्या राद्मिलाला म्हणाला.

"आज त्यांच्याच घरी स्लावा आहे. तिथं बोलावणं नसतं साहेब, आठवण ठेवून जायचं असतं. दरवर्षी अख्खा विभाग जायचा. यंदा कुणाला तोंड आहे जायला?"

रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून त्याने एक खोकं उचललं.

"अहो, दुधाचं आहे ते!"

त्याने ते परत ठेवलं आणि तिथेच बसून राहिला. गेला नाही.

मित्रांनो, रेघ वर चढली की खुशाल टाळ्या वाजवा. पण ती कोणत्या दिवसांत चढली, कोणाच्या घरात चढली, तेही विचारा. आणि तसं विचारणाऱ्या माणसाला भिंतीवरून उतरवू नका. बाईंचं घर इथून दोनच गल्ल्यांवर आहे. राद्मिला नंतर बाईंच्या शेजारणीकडून ऐकून सांगत होती, त्या दिवशी टेबलावर विभागातल्या सगळ्यांची ताटं मांडलेली होती.