फेसात बुडालेलं एमिलचं घर

मी एक जुना आगीचा बंब आहे. नेब्रास्कातल्या एका लहान गावात धान्याच्या कोठारामागे उभा असतो. माझ्या पोटात दोन हजार लिटर पाणी मावतं. मित्रांनो, पेटलेल्या माळावर ते सात मिनिटांत संपतं आणि जवळचं तळं अकरा मैलांवर आहे. पाणी आणायला पळताना मागे जळणारी किती घरं पाहिली, ते सांगवत नाही.

आमच्या दलात सगळे गावकरीच, बिनपगारी. प्रमुख ऑरिन हास ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. व्हर्ना लिंडक्विस्ट शाळेत विज्ञान शिकवायची. एका वसंतात तिने पाण्यात मिसळून आग विझवणारा फेस करायच्या द्रवाचे चार डबे आणले आणि माझ्या पंपाला नवी नळी जोडली.

"शंभर लिटर पाण्याला अर्धा लिटर पुरे," ती म्हणाली.

"बाई, आपण आग विझवायला जातो, भांडी घासायला नाही," ऑरिन म्हणाला. सगळे हसले. खरं सांगतो, मीही हसलो.

ऑगस्टात कापणीयंत्राची ठिणगी उडाली. वाळलं गवत भडकलं आणि आग म्हाताऱ्या एमिल कोवारिकच्या लाकडी घराकडे निघाली. एमिलला आम्ही बळेच माझ्यात बसवलं.

"पाणी एकदाच मिळणार, व्हर्ना," ऑरिन म्हणाला. "वाया गेलं तर घर गेलं."

"म्हणून तर म्हणतेय, मला दे."

त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि पाइप तिच्या हातात दिला.

माझ्याच पोटातलं पाणी ढगासारखं फुगून बाहेर पडताना मी पाहिलं. ते ओघळलं नाही. भिंतींना, छपराला चिकटून राहिलं. आम्ही रस्त्यापलीकडे सरलो. मग ज्वाळा आल्या, घरापेक्षा उंच. माझा रंग फोडासारखा फुगला. आग फेसापाशी आली, फुसफुसली, दोन्ही बाजूंनी फुटून पुढे निघून गेली. टाकीत अजून निम्मं पाणी होतं.

फेसातून कोंबड्या एकेक करत बाहेर आल्या.

"माझ्या तर तांबड्या होत्या," एमिल म्हणाला, आणि रडू लागला.

पुढे माझं कौतुक झालं, मग नवा बंब आला. एका हिवाळ्यात माझा पंप धुवायचं राहून गेलं, फेसाचा द्रव आत सुकला आणि पंप कायमचा अडकला. मित्रांनो, यंत्रं वेळीच धुवा, तपासा. फेस ओढ्या-विहिरींत जाऊ देऊ नका. घर फेसानं वाचलं असं सगळे म्हणतात. त्याआधी सतरा रविवार व्हर्ना माझ्याखाली पाठ टेकून पाना फिरवत होती, हे फक्त मला ठाऊक आहे.