‘बाद’ बरणीतली गप्पी

मी एक म्हातारी गप्पी आहे. तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढी माझी लांबी. दोन गणपती पाहिले म्हणजे आमच्यात मी पणजीच्या वयाची झाले. पणज्या पतवंडांना क्षमा करायला शिकवतात. मित्रांनो, मी ते शिकवणार नाही. मला एका माणसावर सूड उगवायचा होता. तो मी उगवला, आणि त्याचा मला अजून आनंद होतो.

माझा जन्म १९८६ सालच्या उन्हाळ्यात बोरीवलीला झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वनमालाबाईंची तीन फुटांची काचेची टाकी होती, तेच माझं माहेर. साधे गप्पी तुम्ही पाहिले असतीलच. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून विहिरीत सोडतात ते. मातकट रंग, आखूड शेपूट. आम्ही तसे नव्हतो. पाच वर्षं निवड करून करून वनमालाबाईंनी आमचं घराणं उभं केलं होतं. आमच्या नरांची शेपटी मोरपिसासारखी निळी आणि पंख्यासारखी पसरट. दर मे महिन्यात शाळेच्या सभागृहात रंगीत माशांचं प्रदर्शन भरायचं, तिथे दोन वर्षं पहिला नंबर आमच्याच घरात आला होता.

हे काम सोपं नाही बरं का. आमच्यात मुलगे बापावर जातात. आणि मादीचं एकदा लग्न लागलं की पुढे सहा-सात महिने, नर जवळ नसला तरी, तिला दर महिन्याला त्याच नराची पिल्लं होत राहतात. एकदा चुकीचा नवरा गाठला की ती मादी घराण्याच्या दृष्टीने संपली. म्हणून पोरी तीन आठवड्यांच्या झाल्या की वनमालाबाई भिंग घेऊन बसत आणि एकेकीला ओळखून लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत वेगळं काढत. मोठ्या झाल्यावर निवडलेल्या निळ्या नरांबरोबर टाकीत सोडत. मला त्यांनी ऑगस्टच्या शेवटी टाकीत सोडलं होतं, पण माझं लग्न अजून लागायचं होतं. माझ्या अंगावर सगळ्यांत जास्त निळी झाक होती, त्यामुळे त्यांची माझ्यावर भारी आशा होती.

आणि मग गणपती आले.

वनमालाबाई आणि त्यांचे यजमान काशीराम दरवर्षी दहा दिवस कोकणात गावी जात. जाताना घराची किल्ली समोरच्या श्यामकांतच्या दारातल्या खिळ्याला अडकवत. किल्ली शेजारी ठेवायची, ही तिथली रीतच होती. श्यामकांतकडेही मासे होते. लाल शेपटीचे, हॉलमधल्या मोठ्या हौदात. प्रदर्शनात दोन वर्षं त्याचा नंबर दुसरा.

“वहिनी, निश्चिंत जा. मासे काय माझे नि तुमचे वेगळे आहेत का?” असं म्हणाला तो. गोड बोलून गळा कापणारी माणसं असतात ना, त्यांतला हा.

अगदी लहान पिल्लांना दिवसातून चारदा भरवावं लागतं. ते श्यामकांतला कसं सांगायचं, म्हणून तेवढी पंधरा पिल्लं वनमालाबाईंनी त्यांची मैत्रीण कमळ हिच्याकडे दिली. कमळ गोराईची, मासळी विकणारी. ती पोट धरून हसली. “अगो बाय, यवऱ्याशा मावऱ्याचं कालवन तरी काय व्हनार गो?” पण पिल्लं तिने नीट माठात ठेवली.

दुसऱ्याच दिवशी श्यामकांत आला. आम्ही खायला मिळेल म्हणून काचेशी धावलो. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, आणि पिशवीत सोसायटीमागच्या विहिरीतले सात-आठ मातकट नर. ते त्याने टाकीत ओतले. वर एक अख्खा पाव कुस्करून टाकला, किल्ली फिरवली आणि गेला. पाव सडला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. आमचा सगळ्यांत सुंदर म्हातारा नर तिसऱ्या दिवशी तळाला आडवा झाला, मग एकामागून एक बाकीचे निळे नर. विहिरीतले तेवढे मजेत होते, त्यांना असल्या पाण्याची सवय. आम्हा पोरींची लग्नं लागली ती त्यांच्याशीच. नवव्या दिवशी श्यामकांतने जाळीने ते उचलून नेले. एक मात्र झाडामागे राहून गेला.

वनमालाबाईंनी आल्या आल्या तो एक पाहिला आणि पिशव्या तशाच टाकून श्यामकांतला हाक मारली.

“पाणी बदलताना तुमच्याच बादलीतून आला असेल वहिनी,” श्यामकांत म्हणाला. “होतं असं कधी कधी.”

त्या बिचारीला ते खरं वाटलं! स्वतःच्या बादलीला बोल लावत ती रडली. मी काचेवर तोंड आपटून सांगत होते, हा खोटं बोलतोय. पण माशाचं कोण ऐकतं?

माझ्या बहिणींना वनमालाबाईंनी जड मनाने विहिरीत सोडलं. मला मात्र त्यांच्याने सोडवेना. त्यांनी मला एका बरणीत घातलं, बरणी स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली आणि वर चिठ्ठी चिकटवली: ‘बाद’. घराण्याची आशा होते मी, मित्रांनो. त्या दोन अक्षरांखाली रोज पोहताना मी ठरवलं, ह्याला सोडायचं नाही.

संधी त्यानेच दिली. आठवड्याभराने तो समाचाराला आल्यासारखा चहाला आला आणि त्याची नजर माझ्यावर पडली. सगळ्यांत निळी मादी, पोट टुमटुमीत, आणि ठेवली कुठे, तर स्वयंपाकघरात! ही टाकीत नव्हतीच, वहिनींनी हिला आधीपासून लपवून ठेवलंय, चिठ्ठी आपली लोकांना फसवायला, असं त्याच्या चोराच्या मनाला वाटलं.

“ही मला द्या की, वहिनी.”

“अहो भावजी, ती बाद आहे. चिठ्ठी लावलीय बघा.”

“मग तर झालंच! बादच आहे तर द्यायला काय हरकत?”

“न्या. पण चांगल्या माशांत सोडू नका हं.”

इतकं स्वच्छ सांगूनही तो गालातल्या गालात हसत मला घेऊन गेला.

त्याच्याकडे मला बेचाळीस पिल्लं झाली. आता खोटं कशाला बोलू, गप्पी आई आपलीच पिल्लं खाते. मी एकही खाल्लं नाही. मला ती सगळी जिवंत हवी होती. श्यामकांतने ती आपल्या लाल माशांच्या हौदात सोडली आणि साऱ्या मजल्याला सांगत सुटला, “मे महिन्यात बघाच! लाल आणि निळे, दोन्ही नंबर आपले. एकदम झकास!” पुढच्या महिन्यात अडतीस. तीही हौदात. माझे मुलगे भराभर मोठे झाले. शेपट्या फुटायची वाट बघत श्यामकांत बसला होता, तोवर त्यांनी त्याच्या एकूण एक लाल माद्यांशी लग्नं लावली. होळीच्या सुमारास लाल माद्यांची पोरंही मातकट निघाली. जुने लाल नर म्हातारे होऊन त्यांच्या शेपट्या चिरफळल्या. हौदाची विहीर झाली होती. मी बाजूच्या बाटलीतून बघत होते. इतकं सुख मला निळ्या टाकीतही मिळालं नव्हतं.

एप्रिलमध्ये एका सकाळी तो मला तांब्यात घालून तरातरा वनमालाबाईंच्या दारात गेला. कमळ तिथेच बसून बोंबील साफ करत होती. शेजारी टाकीत तिने परत आणून दिलेली पंधरा पिल्लं आता मोठी झाली होती. निळीभोर!

“फसवलंत मला वहिनी! हिची एकूण एक पोरं विहिरीतल्यांसारखी निघाली. वाट लागली माझ्या हौदाची!”

“बाद आहे म्हणून सांगितलं होतं, भावजी. चांगल्यांत सोडू नका, असंही सांगितलं होतं.”

“पण ही तर फळीवर होती ना? मी विहिरीतले नर टाकले ते गॅलरीतल्या टाकीत, बरणीत थोडेच...”

कमळने हातातली सुरी खाली ठेवली. वनमालाबाईंनी तांब्या घेतला, मला बरणीत ओतलं, तांब्या त्याच्या हातात परत दिला. मग समोर जाऊन त्याच्या दारातल्या खिळ्यावरची आपली किल्ली काढली आणि ती कमळच्या ओटीत टाकली.

मे महिन्यात पहिला नंबर आमचाच आला. श्यामकांत प्रदर्शनाला फिरकला नाही. नंतर त्याने माफी मागितली, तेव्हा वनमालाबाईंनी त्याला निळ्यांची एक जोडीही दिली. त्यांचं मन मोठं आहे. माझं तुमच्या नखाएवढं आहे आणि त्यात त्याला जागा नाही.

मित्रांनो, तुमच्या भरवशावर कुणी आपले मासे ठेवून गेलं, तर त्यांना वेळेवर चिमूटभर खायला घाला, पाणी स्वच्छ ठेवा. आम्हाला बोलता येत नाही, पण काचेतून सगळं दिसतं.

माझ्या बरणीवर आता चिठ्ठी नाही. ती गॅलरीच्या कठड्यावर असते, बरोबर श्यामकांतच्या दारासमोर. तो रोज सकाळी कामाला निघतो. मी काचेला तोंड लावून त्याच्याकडे बघत राहते, आणि तो मान खाली घालून जिना उतरतो.