केकवरचा आकडा

"केकवर नऊ हजार चारशे बारा घालायला सांगितलंय," मी म्हटले. "जागा पुरली नाही तर बेकरीवाल्या क्नोलबाई मागचे बारा गिळून टाकतील."

प्रोफेसर वीब्रन हान्स्त्रा हसले नाहीत. शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. मी पस्तीस वर्षे त्यांच्या रसायनशास्त्र विभागाची चिटणीस, त्यांच्या दोनशे अकरा शोधनिबंधांची यादी माझ्याच हातची. आमच्या धंद्यात माणसाची उंची मोजतात ती दुसऱ्यांनी आपल्या निबंधात त्याचा संदर्भ किती वेळा दिला त्यावरून. नऊ हजार चारशे बारा संदर्भ एकट्या १९९१ च्या निबंधाला होते. त्याचा विषय, हातातल्या कड्याच्या आकाराचा एक रेणू आणि त्याच्या पोकळीत, कसलाही बंध न जोडता, बशीत कप बसावा तसा बसून राहणारा दुसरा.

ते कडे पहिल्यांदा बनवले आउक्ये डोल्फिंगने. तंत्रशाळेतून वर्षभर शिकायला आलेली मुलगी. शिकाऊ माणसाचे नाव मोठ्या नियतकालिकात घालायचे नाही असा तेव्हा रिवाज होता आणि वीब्रननी तो मुकाट्याने पाळला. तिच्या वाट्याला तळाशी आभाराची एक ओळ आली. आमच्याकडे ज्याचा निबंध छापून येतो त्यानेच केक आणायचा असतो. वीब्रननी आणला. आउक्येने खिडकीतल्या आपल्या खुर्चीवर बसून अंक तळापर्यंत वाचला, तुकडा बशीत तसाच ठेवला आणि कोट घालून निघून गेली. बशी मीच विसळली.

पुढे स्वीडनमध्ये तीही प्रोफेसर झाली, तसल्याच कड्यांवर काम करून. वीब्रनचा संदर्भ मात्र तिने एकदाही दिला नाही. त्यांचा संदर्भ देणाऱ्यांचा द्यायची, त्यांचा नाही. दर सोमवारी वीब्रन नव्या संदर्भांची यादी मागत आणि नावांवरून बोट फिरवत. जपान, ब्राझील, कुठकुठली नावे असत. हवे ते नसे.

"सरळ पत्र लिहा की," मी एकदा म्हटले.

"लिहिली. तीन," ते म्हणाले. "उत्तर नाही."

त्यांना माफी हवी होती. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा.

या सोमवारीही त्यांनी बोट फिरवले आणि कागद बाजूला सारला.

"थांबा, अजून एक पान आहे," मी म्हटले.

१९९० साली आमच्याच रसायनवाल्यांच्या डच मासिकात चार पानांचा एक निबंध आला होता, अर्धे कडे कसे बनवले त्याचा. घरच्या मासिकाला रिवाजाची पत्रास नव्हती. लेखक दोन: डोल्फिंग आणि हान्स्त्रा. डचमधला, म्हणून कोणी वाचला नाही. चौतीस वर्षे त्याच्यापुढे शून्य. निरोपाला छापायच्या निबंध-यादीच्या पुस्तिकेतून मी तो गाळलाही होता, उगाच शोभा नको म्हणून.

आता तिथे एक होता. आउक्येच्या ताज्या निबंधात एक ओळ होती: हे कडे प्रथम कसे बनले, ते येथे पाहावे.

वीब्रननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ही माफी म्हणायची का हो?" मी विचारले.

"नाही. तिनं आपलं परत घेतलं," ते म्हणाले. "सोबत माझंही नाव येऊ दिलं, हा तिचा मोठेपणा." मग म्हणाले, "क्नोलबाईंना फोन लाव. आकडा बदलायचाय. आणि तो निबंध पुस्तिकेत सगळ्यात वर घे."

शुक्रवारी केक आणायला मी त्यांच्याबरोबर गेले. क्नोलबाईंनी खोके पुढे सरकवले.

"नातवाचा पहिला वाढदिवस वाटतं? अभिनंदन हं," त्या म्हणाल्या आणि वाढदिवसाला सोबतच्यांचेही अभिनंदन करायच्या इथल्या रीतीप्रमाणे माझ्याशीही हात मिळवला.

वीब्रनना ना मूल ना बाळ. "आभारी आहे," ते म्हणाले.

कॉफीच्या खोलीत सगळे त्या भल्यामोठ्या पांढऱ्या केकवरच्या एक या आकड्याकडे बघत राहिले. विभागप्रमुख म्हणाले, "बाकीचे आकडे वाटेत सांडले वाटतं." वीब्रननी सुरी घेतली. पहिला तुकडा कापला, बशीत काटा ठेवला आणि बशी खिडकीतल्या खुर्चीसमोर नेऊन ठेवली. मग बाकीच्यांना वाढले.

सगळे पांगल्यावर मी बश्या गोळा केल्या. वीब्रन कोट घालून त्या खुर्चीशेजारी बसले होते. मी त्यांना उठवले नाही, आणि ती एक बशी सोडून बाकीच्या विसळून ठेवल्या.