खडूने आखलेला टायर

अहिल्याबाई अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेतून निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत त्यांनी गाडीचं लायसन काढलं. डहाणूच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवताना एक इच्छा त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. गाडी आपली हवी आणि स्टिअरिंगवर आपण हवं. त्यांचे यजमान दशरथराव रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांना गाडी येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. "तू चालव, मी शेजारी बसून चिकू खाईन," एवढंच त्यांचं म्हणणं.

गुरुवारी गाडी घरी आली. घोलवडच्या एका डॉक्टरांची सहा वर्षांची करडी गाडी, फारशी न चाललेली, वाडीत भिंतीला लावून उभी असायची. इंजिन झकास, सीट कोऱ्यासारख्या. येत्या रविवारी तिच्यातूनच तलासरीला जायचं होतं. बाईंची जुनी विद्यार्थिनी हिरी तिकडच्या एका पाड्यावर राहायची, आता आरोग्य केंद्रात नर्स होती. तिनं नवं घर बांधलं होतं आणि रविवारी घरभरणी होती.

"बाई, तुम्ही स्वतः चालवत येणार? खरंच?" हिरी फोनवर किंचाळलीच.

सगळं छान होतं, फक्त टायर तेवढे तपकिरी होते. काळे म्हणावेत असे नाहीतच. शेणानं सारवून वाळवल्यासारखे.

"धुतले की निघेल," असं म्हणत बाईंनी पाइप लावला. ओले असेपर्यंत टायर काळेभोर दिसले. अर्ध्या तासात वाळले आणि पुन्हा तेच! साबण लावून घासले, तरी तेच. मग मात्र बाईंच्या डोळ्यांत चमक आली. शाळेत एखाद्या मुलानं अवघड प्रश्न विचारला की यायची तशी.

"अहो, ही धूळ नाहीये! धूळ असती तर निघाली असती. हे काहीतरी आतून येतंय."

रात्री जेवताना एका हातात घास आणि दुसऱ्या हातात मोबाइल. वाचता वाचता त्या ताडकन म्हणाल्या, "बघा! टायरला भेगा पडू नयेत म्हणून रबरातच एक रसायन घालतात. ते हळूहळू वर येतं आणि हवा लागली की तपकिरी होतं. सफरचंद चिरून ठेवल्यावर होतं ना, तसलंच काहीसं."

"म्हणजे टायरला गंज चढतो म्हण की," दशरथराव म्हणाले.

"जवळजवळ!"

शुक्रवारी सकाळी त्या डहाणू रोड स्टेशनजवळच्या नवीनभाईंच्या दुकानात गेल्या. गाड्यांचं सामान विकणारं ते छोटं दुकान होतं. नवीनभाईंनी लगेच एक चकचकीत बाटली पुढे केली.

"आ लो बेन. नुसतं फडक्यानं लावायचं. आरशासारखा टायर!"

"हे पॉलिश आहे. मला क्लीनर हवाय."

"एकच ना, बेन?"

"एक कसं असेल? पॉलिश वर बसतं, क्लीनर घाण काढतो."

मागून कुणीतरी मोठ्यानं हसलं. चिकूच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो रस्त्याच्या कडेला लावून एक पस्तिशीची बाई दुकानात आली होती. तिचं नाव निलम. घोलवडहून माल घेऊन रोज ती स्वतः टेम्पो चालवायची.

"बरोबर बोलल्या तुम्ही. पॉलिश म्हणजे आंघोळ न करता पावडर थापायची," निलम म्हणाली. "आणि कुणी सांगेल डिझेल लावा, ते ऐकू नका. चमकतं दोन दिवस, मग रबर खराब होतं. रिमसाठी ॲसिडची बाटली येते, तीही टायरला नको."

"तुम्ही काय वापरता?"

निलमनं खालच्या फळीवरची एक धुळकट बाटली उचलली. "हा. टायरचाच क्लीनर. पण मेहनत आहे. कडक ब्रशनं घासायचं, फेस येतो तो बघायचा. फेस तपकिरी येतो तोवर टायर साफ नाही. पांढरा फेस आला की झालं."

अहिल्याबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी दुकानातच टाळी वाजवली. फेसच सांगणार केव्हा थांबायचं! त्यांनी क्लीनर घेतला, कडक ब्रश घेतला आणि नवीनभाईंचं मन मोडू नये म्हणून ती चकचकीत बाटलीही घेतली.

"दोन्ही कशाला?" घरी दशरथरावांनी विचारलं.

"प्रयोग करायचाय."

शनिवारी सकाळी बाईंनी खडू घेऊन पुढच्या टायरवर चार रेघा मारल्या. चार भाग झाले. पहिल्यावर नुसतं पाणी आणि ब्रश, दुसऱ्यावर कपडे धुण्याची पावडर, तिसऱ्यावर थेट पॉलिश, चौथ्यावर क्लीनर. दशरथरावांना हातात घड्याळ देऊन उभं केलं. शेजारच्या रुचितावहिनी बाल्कनीतून बघत होत्या, त्या खालीच उतरल्या. त्यांचे यजमान दिपकराव लोकलनं वाणगावला कामावर निघाले होते, तेही त्यांच्या मागून आले आणि थांबले.

पॉलिशचा भाग क्षणात चमकू लागला. "हा जिंकला!" दिपकरावांनी निकाल दिला.

"थांबा हो, पेपर अजून तपासायचाय!" बाई म्हणाल्या आणि चौथा भाग घासायला बसल्या. फेस आला तो चहासारखा. रुचितावहिनी "ईऽऽ" करत पुढे वाकल्या. पाणी मारलं, पुन्हा क्लीनर, पुन्हा ब्रश. या वेळी फेस फिकट आला. तिसऱ्यांदा घासलं तेव्हा सगळेच वाकून बघत होते. फेस पांढरा!

"पांढरा! पांढरा!" दशरथराव ओरडले. त्यांनी घड्याळ बघायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

तासभर ऊन लागल्यावर खरा निकाल दिसला. पाण्याचा भाग होता तसाच तपकिरी. पावडरीचा जरासा उजळ, पण डागाडागांचा. पॉलिशच्या भागावर रस्त्याची धूळ चिकटली होती आणि बोट फिरवलं तर बोट तपकिरी. चौथा भाग मात्र शांत, कोरडा, काळा. चमक नाही, पण नव्या टायरसारखा. दिपकरावांनी त्यावर बोट फिरवलं, बोट बघितलं आणि त्यांची लोकल चुकली तरी त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही.

मग काय, दशरथरावही पदर खोचल्यासारखी लुंगी खोचून कामाला लागले. पुढचे दोन्ही टायर झाले, मागचा उजवाही झाला. मागचा डावा टायर डॉक्टरांच्या वाडीत कायम भिंतीकडे असायचा. त्याच्यावर तर जुन्या पॉलिशचा आणि मातीचा थरच बसला होता. बाई घासत होत्या, फेस पांढरा व्हायला लागला होता आणि एकदम त्यांचा हात थांबला.

"अहो, इथे हात लावा."

दशरथरावांनी हात लावला. टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा होता आणि त्याच्या कडेला बारीक चीर. वरचा थर निघाला म्हणून ती आता स्वच्छ दिसत होती.

दशरथरावांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"हा हायवेवर फुटला असता," दशरथराव हळूच म्हणाले. "अहिल्या, उद्याचं राहू दे. आपण एसटीनं जाऊ."

"एसटीनं? टायर खराब आहे, मी नाही!" बाईंचा आवाज वर्गातला होता. "डिकीत स्टेपनी आहे. काढा."

त्यांनी आयुष्यात कधी चाक बदललं नव्हतं. पुस्तिका रुचितावहिनींनी वाचायची, जॅक बाईंनी लावायचा, असं ठरलं. नट काही केल्या हलेनात. शेवटी दशरथराव पान्यावर दोन्ही पायांनी उभे राहिले आणि कर्रर्र करून पहिला नट सुटला. सगळे असे ओरडले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. पाऊण तासात स्टेपनी बसली. बाई सावकाश गाडी चालवत टायरवाल्या देवजींकडे गेल्या.

देवजींनी फुगलेला टायर फिरवून बघितला आणि मान हलवली. "आतली तार तुटलीय. घाणीखाली झाकलं होतं, बाई. तुम्ही धुतलात म्हणून सापडलं." त्यांनी बाकीचे तीनही तपासले. ते ठीक निघाले. संध्याकाळपर्यंत नवा टायर बसला.

रविवारी सकाळी सात वाजता गाडी निघाली. चारोटीपर्यंत बाईंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. नाक्यावरून हायवेला लागल्यावर एक कंटेनर भोंगा वाजवत बाजूनं गेला. दशरथरावांनी डॅशबोर्ड धरला. महालक्ष्मीचा डोंगर दिसल्यावर त्यांनी मनापासून हात जोडले.

"घाबरलात?"

"मी? छे! देवीला नमस्कार केला." मग थोड्या वेळानं म्हणाले, "चांगली चालवतेस गं तू. आमच्या मालगाडीच्या ड्रायव्हरसारखी. धक्का म्हणून नाही."

बाई हसल्या आणि त्यांनी पहिल्यांदाच पुढच्या ट्रकला मागे टाकलं. इंडिकेटर, आरसा, वेग आणि झालं! "बघितलंत?" त्या ओरडल्या. "बघितलं, बघितलं, तू समोर बघ!"

पाड्याचा रस्ता कच्चा होता. हिरी वाटेवरच उभी होती. नव्या साडीत, केसांत अबोली. गाडी थांबायच्या आत ती दाराशी आली आणि बाई उतरताच त्यांच्या गळ्यात पडली. मागे तिची आई कमळी उभी होती. ती गाडीभोवती एकदा फिरली, काचेतून आत बघितलं आणि मग दशरथराव उतरताच सरळ त्यांच्या जागेवर जाऊन बसली.

"आई, अगं पूजा सुरू होतेय!" हिरी म्हणाली.

"होऊ दे. भटजी आहेत ना?" कमळीनं पट्टा ओढून कुठे अडकवायचा ते विचारलं आणि अहिल्याबाईंकडे वळून म्हणाली, "बाई, एवढ्या वर्षांत गाडी चालवणाऱ्या बाईमाणसाच्या शेजारी मी कधी बसले नाही. मला रस्त्यापर्यंत ने."

अहिल्याबाईंनी पुन्हा स्टिअरिंगवर बसून गाडी वळवली. पाड्यातली पोरं मागे धावत सुटली. डांबरी रस्ता आला, तरी कमळी उतरायला तयार नव्हती. तिनं काच खाली केली, हात बाहेर काढून वारा अंगावर घेतला आणि म्हणाली, "अजून थोडं पुढे. जोरात ने."